ताई, विशेषतः तू

३ मार्च, सोमवार

गोगल्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते आधी उलटसुलट करून बघशील, मग चष्मा पुसशील, मग कात्री शोधून कड सरळ कापशील आणि मग कुठे वाचायला घेशील. तोवर इथे माझा जीव टांगणीला. नऊ वर्षांनी लिहितेय तरी घाई मलाच, बघ. पत्ता मावशीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला बोलण्यात गुंडाळलं.

फोन तू उचलत नाहीस आणि मेल न उघडता फेकतोस, हे कागदाचं एक कारण. दुसरं असं की जे सांगायचंय ते बाहेरच्या माणसाला सांगायचंच नाही असा आमचा नियम आहे. तू आता बाहेरचा आहेस. मी नियम मोडतेय. वाचून झालं की फाडून टाक.

आपल्या लायब्ररीत भोक सापडलंय. आपली म्हणजे तीच, तू आणि मी आईच्या जेवणाच्या टेबलावर लिहायला घेतलेली एन्क्रिप्शनच्या कोडची, यंत्रांची कुलपं सांभाळणारी लायब्ररी. आई ताटं घेऊन उभी राहायची आणि आपण म्हणायचो, दोन मिनिटं. आज ती लायब्ररी कुठल्या कुठल्या यंत्रांच्या पोटात बसली आहे हे मलाही नीट माहीत नाही.

भोक शोधलं एका विद्यार्थिनीने. ओळख ना पाळख, एका ओळीचं 'नमस्कार' आणि खाली अकरा पानांचा पुरावा. यंत्राला आज्ञा येते तिच्या शेवटी सोळा आकड्यांचा शिक्का असतो आणि तो जुळला तरच आज्ञा खरी, हे तुला मी काय सांगणार. आपला कोड शिक्का पडताळताना पहिला चुकीचा आकडा दिसला की तिथेच थांबतो आणि 'खोटं' म्हणून मोकळा होतो. पहिलाच आकडा चुकला तर उत्तर लगेच, पाचवा चुकला तर केसभर उशिरा. ही पोरगी त्या केसभर उशिरावर कान ठेवून बसली, एकेक आकडा ओळखत गेली, आणि चार तासांत तिने किल्ली नसताना अख्खा खोटा शिक्का तयार केला.

तुझ्या कंपनीचे औषधाचे पंप याच लायब्ररीवर चालतात. आजारी माणसाच्या शिरेत किती थेंब जायचे ते ठरवणारी यंत्रं. त्यांच्या सुरक्षिततेचा प्रमुख तू, हेही मावशीनेच सांगितलं, आणि सांगताना तिचा ऊर भरून आला होता.

अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी दुपारी दोन वाजता, बातमी आणि भोक बुजवणारा पॅच एकाच वेळी जगाला देणार. तोवर अळीमिळी गुपचिळी. तुझ्या साहेबांनाही नाही. आधी बभ्रा झाला तर चोरांना चार आठवडे आंदण.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला ते आपल्या नोंदींत कायमचं राहतं आणि त्या नोंदी कुणालाही उघडून बघता येतात. ज्या बदलाने भोक पडलं त्यापुढे तुझं नाव आहे. शुक्रवारी दोननंतर दहा मिनिटांत कुणीतरी ते शोधून काढेल आणि संध्याकाळपर्यंत ते तुझ्या साहेबांच्या टेबलावर असेल. पंप सांभाळणाऱ्या माणसानेच भोक पाडलं म्हटल्यावर ते तुला एक दिवस ठेवणार नाहीत.

मनाची तयारी असावी म्हणून कळवलं. पॅच मी केलाय, चार ओळींचा. तू काही करायचं नाहीस.

ताई


११ मार्च, मंगळवार

गोगल्या,

पॅच फसला.

माझ्या मशीनवर झकास चालला होता. नवा कोड चूक सापडली तरी थांबत नाही, सोळाच्या सोळा आकडे बघतो आणि मगच तोंड उघडतो. हजार वेळा मोजलं, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ. मी मिशा पिळल्यासारखी खुर्चीत मागे रेलले. आणि गुरुवारी त्या पोरीचं उत्तर आलं: 'मोठ्या मशीनवर ठीक आहे. छोट्या चिपवर भोक तसंच आहे.' छोटी चिप म्हणजे कुठली ते तुला कळलंच असेल. पंपांतली.

म्हणजे बघ काय झालं. मी लिहिलं, शेवटपर्यंत जा. पण त्या चिपसाठी कोडचं भाषांतर करणारा कंपायलर माझ्याहून आगाऊ निघाला. त्याने पाहिलं की पहिली चूक सापडल्यावर निकाल ठरलेलाच आहे, मग उरलेले आकडे बघायचे कशाला? त्याने माझं ते फुकटचं काम कापून टाकलं. मला न विचारता. माझ्या भल्यासाठी.

अशा वेळी रागवायचं तरी कुणावर? मी मास्तरांवर रागावले. मास्तर तुला आठवतात ना, गणित शिकवून निवृत्त झालेले, फुकटात आपल्या कोडमधल्या चुका काढायचे? ते अजून आहेत. आता मी आणि ते, एवढीच पलटण. ते म्हणाले, "अहो, पूर्वी हे बरोबर होतं ना? मग पूर्वीचं उघडून बघा की."

उघडलं. तुझी जुनी नोंद, अकरा वर्षांपूर्वीची. तुझ्या सहा ओळी, आणि वर तुझी टीप:

'हे हळू आहे. असंच राहू द्या. ताई, विशेषतः तू.'

मास्तर हसले. मला काही हसू आलं नाही.

आपण सगळे बाहेर जायला निघालो की तू घरातल्या खिडक्या तपासायला परत आत जायचास. पहिलीच उघडी सापडली तरी ती लावून उरलेल्या सगळ्या बघायचास, मोरीची सुद्धा. आम्ही रस्त्यात ताटकळत. आई तुला गोगलगाय म्हणायची ते लाडाने, मी त्याचं गोगल्या केलं ते चिडून. सहा ओळी वाचताना मला तू त्या खिडक्यांपाशी दिसलास.

तर प्रश्न एवढाच. चौथी ओळ. तिथे तू चुकांची बेरीज एका वेगळ्याच जागी नेऊन ठेवतोस आणि लगेच परत आणतोस. वरवर बघता वेड्याचा कारभार. ती ओळ कंपायलरला अडवते का? आणि नव्या चिपवरही अडवेल का? मला चार दिवस डोकं आपटूनही कळत नाहीये आणि अंदाजाने काही करायची आता माझी हिंमत नाही. कळव. माझ्यासाठी नको कळवूस. पंपांसाठी कळव.

मास्तर विचारत होते, जाहीर निवेदनात चूक कुणाची ते लिहायचं का. मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "नोंदीत तुमच्या भावाचं नाव दिसतंय. नऊ वर्षांपूर्वीचं. मला आपलं नवल वाटलं. ज्याने ही टीप लिहिली तोच ती खोडेल?"

मी चहा टाकायला उठले.

ताई


१७ मार्च, सोमवार

गोगल्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रजिस्टर केलेलं, वर दोन्हीकडे पत्ता, आत घडी अगदी मधोमध. चौथ्या ओळीचं उत्तर पाठीमागे आकृतीसकट. कंपायलरला बेरीज कुठे गेली ते कळू द्यायचं नाही, म्हणजे त्याला काही गृहीत धरता येत नाही आणि काम कापता येत नाही, एवढंच ना? आणि नव्या चिपसाठी ती ओळ दोनदा हवी. इतकं सोपं, आणि मी वेड्याचा कारभार म्हणाले.

दुसरा पॅच झाला. या वेळी मी घाई केली नाही. सात चिपांवर पाहिलं. पोरीने रात्रभर घासाघीस केली आणि काल लिहिलं: 'आता मला काहीच ऐकू येत नाही.' मास्तरांनी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ओळी तुझ्या सांगण्यावरून, बाकी अकरा वर्षांपूर्वीचंच.

आनंदाची गोष्ट आहे. मी तीन दिवस जेवलेली नाही.

कारण तुझ्या पत्राची दुसरी बाजू. तू लिहिलंस, 'नोंद मी उघडली नाही. त्या महिन्यातलं काहीच मला उघडवत नाही. आईकडून येऊन-जाऊन काम करत होतो, डोळे मिटत होते, काय केलं काय नाही ते आठवत नाही. तू म्हणतेस माझं नाव आहे, म्हणजे मीच केलं असणार. तू घाई करतेस, ताई, पण खोटं बोलत नाहीस.'

आणि पुढे, 'शुक्रवारी दोन वाजता साहेबांची वेळ घेतली आहे. बातमी फुटताच मी स्वतः सांगेन आणि राजीनामा ठेवेन. त्यांनी शोधून काढण्याची वाट बघणार नाही.'

असलं काही करू नकोस. ऐकतोयस ना? राजीनामा लिहू नकोस. लिहिला असलास तर फाड. साहेबांना भेटू नकोस. चूक ही चूक असते, कुणाकडूनही होते, नोंदीतल्या नावाला कोण विचारतो. मीच तुला घाबरवलं. मी

हे पान इथेच सोडते. आज याच्यापुढे लिहिता येत नाही. पण राजीनामा देऊ नकोस, हे माझं निक्षून सांगणं आहे.

ताई


२५ मार्च, मंगळवार

गोगल्या,

गेल्या आठवड्यात पाच पत्रं लिहिली आणि पाचही फाडली. एकात मी कंपायलरला दोष दिला होता, एकात चक्क तुला. हे सहावं. आता आडवळणं नाहीत.

तो बदल मी केला.

तुझ्या मशीनवर, तुझ्या खुर्चीत, तुझ्या त्या फाटक्या उशीवर बसून. नवी आवृत्ती बाहेर काढायची किल्ली फक्त तुझ्या मशीनमध्ये होती, आठवतं? तू दवाखान्यात आईजवळ, मशीन उघडंच, माझ्या डोक्यावर आवृत्तीची तारीख. लोकांच्या तक्रारी येत होत्या की आपली लायब्ररी रेंगाळते. मी मोजलं, तर तुझ्या त्या सहा ओळी. चूक सापडल्यावरही हा बाबा पुढे चालतच राहतो! मी मनातल्या मनात तुला चार शिव्या घातल्या, ओळी उडवल्या आणि दोन लिहिल्या. टीपही उडवली. वाचून उडवली, गोगल्या. 'ताई, विशेषतः तू' हे वाचलं, म्हणाले, मोठा आला शहाणा, आणि बटण दाबलं. मशीन तुझं, म्हणून नोंदीत नाव तुझं. मला ते संध्याकाळी लक्षात आलं. तोवर बदलायचं त्राण उरलं नव्हतं, आणि पुढे म्हटलं, काय फरक पडतो.

इथवर लिहिणं तसं अवघड नव्हतं. हे मी मास्तरांनाही शुक्रवारी सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं."

अवघड आहे ती वेळ. नोंदीत तारीख आहे आणि तारखेपुढे वेळ आहे. मंगळवार, सकाळी दहा बावन्न.

तू नोंद उघडलीस तर तुला एका क्षणात कळेल की तू निर्दोष आहेस. दहा बावन्नला तू ऑपरेशनच्या दारापाशी आईचा हात धरून उभा होतास. अकराला तिला आत नेलं. साडेनऊला तुझा फोन आला होता, "ताई, निघालीस ना? आई सारखी विचारतेय." आणि मी म्हणाले, "रस्त्यातच आहे."

मी रस्त्यात नव्हते. मी तुझ्या खुर्चीत होते. तुझा फोन ठेवल्यावर वाटलं, एवढं उरकू आणि निघू, दहा मिनिटांचं काम. मग चाचणी अडली. मग वाटलं, ऑपरेशन चार तास चालणार, आई शुद्धीवर येईल तेव्हा मी समोर असले म्हणजे झालं. एक वाजता पोहोचले. साडेबाराला ती गेली होती.

मी म्हणाले, गाडी पुलावर बंद पडली. तू मला पाणी आणून दिलंस आणि पाठीवर हात ठेवून म्हणालास, "तुझ्या हातात थोडंच होतं, ताई." ते वाक्य मी नऊ वर्षं गिळून बसले आहे. तिसऱ्या दिवशी मी आवृत्ती जाहीर केली तेव्हा तू विचारलंस, आठवडाभर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं, आणि मी तुझ्यावर तुटून पडले. तुझ्यासारखी बसून राहिले असते तर सगळं केव्हाच बुडालं असतं, असं चारचौघांत म्हणाले. तू निघून गेलास आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. तू समोर असतास तर कधी ना कधी मला तोंड उघडावं लागलं असतं.

आणि आता, विद्यार्थिनीचा पुरावा वाचला त्या दिवशी, माझ्या मनात पहिला विचार पंपांचा आला नाही. नोंदीत नाव माझं नाही, हा आला. म्हणून पहिल्या पत्रात तसं लिहिलं. शब्द न् शब्द खरा, आणि सगळं मिळून खोटं. तू लिहिलंस मी खोटं बोलत नाही. बोलते. तुझ्याशीच बोलते.

निवेदनात हे जाईल, मास्तरांनी तपासून ठेवलंय: 'हा दोष माझ्या बदलामुळे आला. नोंदीत दिसणारं नाव माझ्या भावाचं आहे. मी त्याच्या मशीनवर काम करत होते आणि तो त्या वेळी तिथे नव्हता. मूळ कोड त्याचा होता आणि बरोबर होता.' तू कुठे होतास ते लिहिलं नाही. ते जगाला कशाला. ते फक्त तुला.

तेव्हा साहेबांकडे जाऊ नकोस. माझ्याशी पुन्हा बोलू नये वाटलं तर नको बोलूस, ते मी समजेन. पण माझ्यापायी खुर्ची सोडू नकोस.

ताई


२८ मार्च, शुक्रवार. दुपारी एक वाजून दहा मिनिटं

गोगल्या,

मंगळवारचं पत्र काल माझ्याच दारात परत आलं. पाकिटावर शिक्का, 'घर बंद'. मावशीला विचारलं तर म्हणाली, तू आठवडाभर कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यावर गेलेला, आज सकाळीच परतणार. म्हणजे तू काहीच वाचलेलं नाही. मी पहाटेची पहिली बस धरली.

आता तुझ्या कंपनीच्या खालच्या हॉलमध्ये बसले आहे. टेबलापाशी एक बाई आहेत, चष्मा साखळीला लावलेला. मी म्हटलं, मला अमुक साहेबांना आत्ताच्या आत्ता भेटायचंय. त्यांनी वही बघितली. "ते कामात आहेत. दोन वाजता मोठ्या साहेबांकडे मीटिंग आहे त्यांची. त्यानंतर चालेल?"

मी म्हटलं, त्यानंतर नाही चालणार. मी त्यांची बहीण.

"त्यांना बहीण आहे?" त्या म्हणाल्या. वाईट हेतूने नाही म्हणाल्या.

मग मी परत आलेलं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि विनवलं, हे वर नेऊन द्या, दोनच्या आधी वाचायला सांगा. त्या स्वतः उठून गेल्या. जाताना म्हणाल्या, फार लांब आहे का पत्र? मी म्हटलं, चार पानं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. तुला ओळखतात वाटतं.

एक चाळीस. बाई परत आल्या. दिलं म्हणाल्या, ते म्हणाले ठेवा. ठेवा म्हणजे काय? टेबलावर की खिशात? मी विचारलं, उघडलं का त्यांनी? त्या म्हणाल्या, "कात्री शोधत होते."

वर धावत जावंसं वाटतंय. जिना समोरच आहे, अडवायला कुणी नाही. पूर्वी गेलेही असते, तुझ्या हातातून पाकीट ओढून मीच वाचून दाखवलं असतं. मास्तरांना फोन करून अर्धा तास थांबवता येईल का, हेही मनात आलं. पण जगभरची यंत्रं त्या पॅचवाचून उघडी पडलीत, ते माझ्या घरच्या भानगडीसाठी थांबवायचं नाही.

एक पंचावन्न. बाहेरून एक उंच गृहस्थ आले, मागे दोन माणसं. बाई उभ्या राहिल्या. ते मोठे साहेब असणार. ते जेवायला गेले होते की आत्ता मीटिंगला निघालेत, मला समजेना. लिफ्टने वर गेले.

दोन.

फोनवर आलं. मास्तरांनी सोडलं. बातमी, पॅच, माझं नाव, सगळं. आणि कोडमध्ये तुझी टीप मी होती तशी परत बसवली आहे, एक काना-मात्रा न बदलता. आता ती जगातला कुणीही वाचेल. खाली मी एक ओळ घातली आहे: 'वाचलं. उशिरा वाचलं. ताई.' मास्तर म्हणाले, असलं कोडमध्ये लिहीत नाहीत. मग म्हणाले, राहू द्या.

दोन वाजून सात. फोन सारखा वाजतोय, मी पालथा घालून ठेवलाय. तू आत्ता साहेबांसमोर उभा आहेस का? राजीनाम्याची घडी मधोमध केलीस का? मी दारावर डोळे लावून बसले आहे. आई अशीच बसली असेल रे त्या सकाळी.

दोन वाजून वीस. बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्या बराच वेळ नुसतं 'हो' 'हो' म्हणत होत्या. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

"मीटिंग त्यांनी पुढे ढकलली म्हणतात. पत्र वाचतायत. तिसऱ्या पानावर आहेत." मग म्हणाल्या, "म्हणाले, वेळ लागेल, त्यांना बसायला सांगा. विचारतायत, बसाल का?"

मी म्हटलं, सांगा, बसलेय.